सॉर्ट वाढवू नका, तुलना वाढवा: आंब्याच्या नोंदींसाठी गो भाषेच्या लायब्ररीवर केलेलं काम

पॅकहाऊसमध्ये आंबा आला की आमच्या प्रोग्रॅममध्ये एक नोंद पडते: पावती क्रमांक, बागायतदाराचं नाव, गाव, आल्याची वेळ, फळांची संख्या, एकूण वजन, पैसे दिले की बाकी. एकच यादी, पण प्रत्येकाला ती वेगळ्या क्रमाने हवी असते. गाडी भरणाऱ्याला गाववार, प्रतवारी करणाऱ्याला सरासरी वजनाच्या उतरत्या क्रमाने, हिशेब बघणाऱ्याला बाकी असलेल्या नोंदी वर आणि त्यातही आधी आलेल्याची आधी. बागायतदार खिडकीशी उभा राहिला की नावाने. देवगड-रत्नागिरीकडे मार्च ते मे या दिवसांत कोडला हात लावायला कुणालाच फुरसत नसते, म्हणून हे काम पावसाळ्यात केलं. गो या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सॉर्टच्या, म्हणजे यादी क्रमाने लावण्याच्या, मूळ लायब्ररीवर सोयीच्या फंक्शनांचा एक पातळ थर चढवायचा, एवढंच ठरवलं होतं. तो थर कसा बनला, कुठे चुकला आणि का, ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी भाषेत मुळात काय मिळतं ते पाहू. गो भाषेची पहिली आवृत्ती मार्च २०१२ ची. तेव्हापासून सॉर्ट पॅकेजचा करार तीन मेथडींचा आहे: लेन म्हणजे लांबी, लेस म्हणजे पहिला दुसऱ्याच्या आधी येतो का, आणि स्वॅप म्हणजे अदलाबदल. नवा क्रम हवा असेल तर नवा टाइप बनवायचा आणि तिन्ही मेथडी लिहायच्या. यातल्या लेन आणि स्वॅप दर वेळी त्याच असतात, खरी माहिती फक्त लेसमध्ये असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये १.८ आवृत्तीत सॉर्ट.स्लाइस आलं आणि फक्त लेस लिहून भागू लागलं. मार्च २०२२ च्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स (अनेक टाइपांवर चालणारं एकच फंक्शन लिहिण्याची सोय) आले, त्यांच्या आधारावर ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये स्लाइसेस आणि सीएमपी ही दोन पॅकेजं मूळ लायब्ररीत दाखल झाली. मधल्या १.१९ आवृत्तीत आतली पद्धतही क्विकसॉर्टवरून पीडीक्यूसॉर्ट या तिच्याच सुधारित रूपावर गेली. आमच्या कोडमध्ये या तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या.

जुन्या कोडमधल्या सॉर्टच्या सगळ्या जागा शोधून कागदावर उतरवल्या, तेव्हा सर्वांत आधी सॉर्ट.स्लाइसमधली एक ठरावीक चूक सापडली. या फंक्शनमधलं लेस दोन नोंदी घेत नाही, दोन क्रमांक घेतं: आय आणि जे. हे क्रमांक कोणत्या यादीतले, हे लेस लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मूळ यादी बिघडू नये म्हणून आधी प्रत काढली, सॉर्ट.स्लाइसला प्रत दिली, पण लेसच्या आत नाव मूळ यादीचंच राहिलं. कंपायलर काहीच बोलत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. अदलाबदल प्रतीत होते आणि तुलना मूळ यादीत, त्यामुळे छापून येणारा क्रम निरर्थक असतो. स्लाइसेस.सॉर्टफंक तुलनेला थेट दोन नोंदी देतं, त्यामुळे ही चूक करायला जागाच उरत नाही. थराचा पहिला नियम इथेच ठरला: आमचं कुठलंही फंक्शन क्रमांक घेणार नाही, नोंदच घेईल.

त्यानंतरचा पहिला आराखडा मात्र चुकीचा होता. गाववार लाव, वजनाने लाव, वजनाने उलट लाव, गाववार आणि मग वजनाने लाव, अशी फंक्शनं लिहायला घेतली. प्रत्येक निकषाला चढता की उतरता, बरोबरीत मूळ क्रम राखायचा की नाही, जागच्या जागी लावायचं की नवी प्रत द्यायची, असे तीन प्रश्न असतात. म्हणजे एका निकषामागे आठ फंक्शनं. निकष सहा धरले तर अठ्ठेचाळीस, आणि दोन निकषांच्या जोड्या अजून मोजलेल्याच नाहीत. एवढी नावं कुणाच्याही लक्षात राहत नाहीत, आणि ज्याच्या लक्षात नाही तो पुन्हा हाताने लेस लिहितो.

म्हणून उलट बाजूने सुरुवात केली. सॉर्ट करणारी फंक्शनं भाषेतली आहेत ती पुरेशी आहेत. सोय हवी ती तुलना तयार करण्यात. तुलना म्हणजे दोन नोंदी घेऊन ऋण, शून्य किंवा धन आकडा देणारं फंक्शन. अशी छोटी फंक्शनं बनवणारी आणि एकमेकांना जोडणारी फंक्शनं दिली की हवा तो क्रम वाचता येईल असा लिहिता येतो. जावामध्ये मार्च २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून कंपॅरेटरला हीच रचना मिळाली आहे, आणि ती वापरलेल्या माणसाला परत जावंसं वाटत नाही.

हिशेबाच्या यादीचा क्रम आता असा दिसतो:

मग(होयनाही(दिले), वेळेने(आल्याची वेळ), निकषाने(पावती))

प्रतवारीचा असा:

रिकामंशेवटी(सरासरी नाही, उलट(निकषाने(सरासरी वजन)))

वाचायला सोपं जावं म्हणून इथे नावं देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत आहेत. त्याला कारण आहे. गोच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, आणि युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत. त्यामुळे ‘वजन’ हे नाव चालतं, ‘गाव’ चालत नाही. त्यातही पॅकेजबाहेर दिसायला नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, आणि देवनागरीत कॅपिटल नाही.

आता एकेक फंक्शन. ‘निकषाने’ हे नोंदीतून एक मूल्य काढणारं फंक्शन घेतं आणि तुलना परत देतं. आत फक्त सीएमपी.कंपेअर आहे. मूल्य सीएमपी.ऑर्डर्ड या गटातलं असावं लागतं, म्हणजे पूर्णांक, अपूर्णांक किंवा स्ट्रिंग. होय-नाही म्हणजे बूल या गटात बसत नाही, म्हणून त्याला वेगळं फंक्शन दिलं: नाही म्हणजे शून्य, होय म्हणजे एक. वेळही गटात बसत नाही. पण १.२० आवृत्तीपासून टाइम टाइपला स्वतःची कंपेअर मेथड आहे, तीच पुढे वापरली.

वजाबाकी करून तुलना करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो: पहिल्या वजनातून दुसरं वजा करा, उत्तर ऋण आलं तर पहिला आधी. पूर्णांकांत हे बहुतेक वेळा खपून जातं, फार मोठे आणि फार लहान आकडे एकत्र आले की मर्यादा ओलांडली जाते आणि चिन्ह उलटतं. अपूर्णांकांत मात्र ते रोजच्या आकड्यांवरच फसतं. समजा एका आवकेचं सरासरी फळ ०.२६० किलो आणि दुसरीचं ०.२४० किलो. फरक ०.०२०. तुलनेला पूर्णांक परत द्यायचा असतो, म्हणून हा फरक पूर्णांकात बदलला की शून्य होतो. एका किलोच्या आतला प्रत्येक फरक शून्य, म्हणजे सगळे हापूस एकाच वजनाचे. यादी आली तशीच बाहेर पडते आणि कुठेही तक्रार येत नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या: वजन सगळीकडे ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून साठवलं, आणि थराबाहेर हाताने लिहिलेल्या वजाबाकीच्या तुलना शोधून काढून टाकल्या.

सरासरी मात्र अपूर्णांकच राहते, आणि खरी गाठ तिथे आहे. फळांची संख्या अजून भरलेली नाही, वजनही नाही, अशा नोंदीची सरासरी काढली तर शून्य भागिले शून्य होतं. पूर्णांकांत गोचा प्रोग्रॅम तिथेच थांबला असता. अपूर्णांकांत तो थांबत नाही, नॅन म्हणजे ‘संख्या नव्हे’ असं मूल्य देतो. नॅनची कुणाशीही लहान-मोठी तुलना केली तर उत्तर कायम ‘नाही’. आता २६०, नॅन, २४० ही तीन मूल्यं साध्या ‘पेक्षा लहान’ या लेसने चढत्या क्रमाने लावून पाहा. नॅन २६० पेक्षा लहान आहे का? नाही, म्हणून जागेवर राहतो. २४० नॅनपेक्षा लहान आहे का? नाही, तोही जागेवर. सॉर्ट संपलं, आणि २६० अजून २४० च्या आधी. एका अर्धवट नोंदीने तिच्या दोन्ही बाजूंच्या पूर्ण नोंदींचा क्रम बिघडवला. सीएमपी.कंपेअर नॅनला सगळ्या आकड्यांपेक्षा लहान मानतं आणि दोन नॅन सारखे मानतं, त्यामुळे उत्तर नॅन, २४०, २६० असं सरळ येतं.

सरळ येतं, पण यादीच्या डोक्यावर अर्धवट नोंदी येतात. उतरत्या क्रमात त्या तळाला जातात, चढत्यात वर. बघणाऱ्याला त्या दोन्ही वेळा तळालाच हव्या असतात. म्हणून ‘रिकामंशेवटी’. हे फंक्शन आधी दोन्ही नोंदी रिकाम्या आहेत का ते विचारतं. एक रिकामी असेल तर ती मागे, दोन्ही रिकाम्या असतील तर शून्य, आणि दोन्ही भरलेल्या असतील तरच आतल्या तुलनेकडे जातं. इथे गुंडाळण्याचा क्रम महत्त्वाचा. ‘रिकामंशेवटी’ बाहेर आणि ‘उलट’ आत असेल तर काम बरोबर होतं. ‘उलट’ बाहेर गेलं की रिकाम्या नोंदीही उलटून वर येतात. दोन्ही प्रकारे लिहिलेलं कोड कंपाइल होतं, म्हणून हे वाक्य त्या फंक्शनच्या टिपणात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

‘उलट’ हे स्वतः एका ओळीचं आहे: तुलनेला नोंदी उलट्या क्रमाने द्यायच्या. आकड्याचं चिन्ह बदलण्यापेक्षा हे बरं, कारण सर्वांत लहान पूर्णांकाचं चिन्ह बदललं तरी तो ऋणच राहतो. आधी चढता क्रम लावून मग सगळी यादी उलटी करणे हा पर्याय वापरू नये. त्यात सारख्या वजनाच्या नोंदींचा आपापसातला क्रमही उलटतो, आणि शेवटी आलेला बागायतदार आधी दिसू लागतो. जुन्या सॉर्ट पॅकेजमधल्या रिव्हर्सविषयी इथेच सांगून टाकतो: सॉर्ट.रिव्हर्स नुसतं बोलावलं तर काहीच लावलं जात नाही. ते फक्त लेस उलटं केलेलं वेष्टन परत देतं, ते पुढे सॉर्टला द्यावं लागतं.

‘मग’ हे जोडणारं फंक्शन. पहिली तुलना शून्य नसेल तर तेच उत्तर, शून्य असेल तर पुढची. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत सीएमपी.ऑर आलं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते पुरतं. फरक एवढाच की सीएमपी.ऑरला आपण आकडे देतो, फंक्शनं नाही. त्यामुळे गाव वेगळं असल्याचं पहिल्याच तुलनेत कळलं तरी नावाची तुलना आधीच होऊन गेलेली असते. आकड्यांच्या बाबतीत हे कुणाला जाणवणारही नाही. मराठी नावांची तुलना महाग आहे, म्हणून आमचं ‘मग’ फंक्शनं घेतं आणि गरज पडली तरच पुढच्याला बोलावतं.

बरोबरीचा प्रश्न आम्ही फार गंभीरपणे घेतला. सारख्या निकषाच्या दोन नोंदींत आधी आलेल्याची आधी लागली पाहिजे, कारण त्या क्रमाने पैसे मिळतात आणि रांगेत उभा असलेला माणूस ती यादी वाचतो. स्लाइसेस.सॉर्टफंक हे स्थिर नाही, म्हणजे बरोबरीतल्या नोंदींचा मूळ क्रम ते राखेलच असं नाही. स्थिर हवं तर सॉर्टस्टेबलफंक. ते वेगळी मेमरी घेत नाही, वीस-वीस नोंदींचे गट इन्सर्शन सॉर्टने (एकेक नोंद उचलून योग्य जागी सरकवत) लावतं आणि मग जागच्या जागी विलीन करतं. तुलना एन लॉग एन च्या प्रमाणात होतात, अदलाबदली त्याहून एका लॉगने जास्त. पॅकहाऊसच्या यादीच्या आकाराला हा खर्च नगण्य आहे. म्हणून थरातलं ‘लाव’ हे फंक्शन स्थिरच आहे, अस्थिर प्रकार दिलेलाच नाही. शेवटचा निकष म्हणून पावती क्रमांक जोडला तर बरोबरी उरतच नाही, आणि मग स्थिर-अस्थिर सारखंच. पण पडद्यावर एका रकान्यावर टिचकी मारून मग दुसऱ्यावर मारणाऱ्याला पहिला क्रम आत टिकलेला हवा असतो, ते काम स्थिर सॉर्टच करतं.

जुन्या प्रकारच्या लेसमध्ये ‘पेक्षा लहान’ च्या जागी ‘लहान किंवा समान’ लिहिलं तर स्थिर सॉर्टही बरोबरीतल्या नोंदी उलटवतो. प्रत्येक समान जोडीला तो ‘दुसरा आधी हवा’ असं समजतो. ऋण-शून्य-धन पद्धतीत हा घोटाळा सहसा होत नाही, आमच्या मते ती पद्धत निवडण्याचं हे एकटंच कारण पुरेसं आहे.

आणि चाचणीतला सापळा. अस्थिर सॉर्ट वापरून दहा नोंदींची चाचणी लिहिली तर ती हमखास पास होते. गोच्या पीडीक्यूसॉर्टमध्ये बारा किंवा त्याहून कमी नोंदी असल्या की सरळ इन्सर्शन सॉर्ट चालतो, आणि इन्सर्शन सॉर्ट स्थिर असतो. तेराव्या नोंदीपासून खरा स्वभाव दिसतो. आमची स्थिरतेची चाचणी २०० नोंदींची आहे: गावं तीनच, पावती क्रमांक १ ते २००, गावाने लावायचं आणि प्रत्येक गावात पावत्या चढत्या आहेत का ते बघायचं.

सगळ्यात जास्त वेळ मराठी नावांनी घेतला. स्ट्रिंगची साधी तुलना म्हणजे बाइटांची तुलना, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) बाइटांचा क्रम युनिकोड क्रमांकांच्या क्रमासारखाच असतो. देवनागरीत तो क्रम बराचसा आपल्याला हवा तसाच आहे. व्यंजनं आधी, काना-मात्रा नंतर, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह) त्याच्याही नंतर, त्यामुळे मठ आधी आणि मालवण नंतर, हे आपोआप जमतं. बिघडतं ते ळ, क्ष आणि ज्ञ यांवर. युनिकोडमध्ये ल ०९३२ वर, ळ ०९३३ वर, व ०९३५ वर. आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. मंडणगड तालुक्यातली दोन गावं घ्या, वेसवी आणि वेळास. मशीन वेळास आधी लावतं, कारण ळ स च्या आधी. शाळेत शिकलेला माणूस वेसवी आधी शोधतो. क्षीरसागर हे आडनाव मशीन क च्या शेवटी टाकतं, कारण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं.

गोच्या पूरक लायब्ररीत भाषेनुसार तुलना करणारा कोलेटर आहे आणि त्याला मराठी भाषा सांगता येते. तो वापरणार असाल तर दोन पथ्यं पाळा. वेसवी, वेळास, हर्णै, क्षीरसागर, ज्ञानेश्वर अशी चार-पाच नावं आधी त्याच्याकडून लावून घ्या आणि डोळ्यांनी तपासा. आणि एकच कोलेटर दोन गोरूटीनांत (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) वापरू नका, तुलना करताना तो स्वतःच्या आत तात्पुरती माहिती ठेवतो आणि ती एकमेकांवर पडते. आम्ही शेवटी कोलेटर न घेता स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं, त्याला कारण साठवलेल्या याद्या. क्रमाचे तक्ते आवृत्तीबरोबर बदलू शकतात, आणि जुन्या क्रमाने लावून ठेवलेल्या यादीत नव्या क्रमाने शोध घेतला तर असलेलं नाव सापडत नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने क्रमाचे नियम बदलले तेव्हा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे मजकुरावरचे इंडेक्स (शोधसूच्या) पुन्हा बांधावे लागले होते, ते याच कारणाने.

ते फंक्शन नावापासून एक ‘क्रमरूप’ बनवतं. छापायचं नाव तसंच राहतं, तुलनेपुरतं फक्त क्रमरूप वापरायचं. पहिली पायरी, मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण जोडरूपात आणणे, म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगवेगळे टंकले असतील तर त्यांचा एक ऱ होतो. दुसरी, ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, एनएफसी त्यांना एक करत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकाराला आपण पहिल्यात बदलायचं. हे केलं नाही तर एकाच बागायतदाराच्या पावत्या यादीत दोन ठिकाणी विखुरतात. तिसरी, उरलेले नुक्ते काढून टाकणे. चौथी, ॲ. हा युनिकोडमध्ये फार उशिरा, २००८ मध्ये आला आणि त्याची जागा सगळ्या व्यंजनांच्या नंतर आहे. कुणी त्याऐवजी अ वर वेगळी चंद्रकोर देतं. दोन्ही प्रकार ऍ च्या जागी नेले, म्हणजे तो स्वरांत बसतो.

पाचवी पायरी ळ, क्ष, ज्ञ यांची, आणि इथे युनिकोडचा तक्ता नशिबाने आपल्या बाजूने आहे. ह आणि अवग्रह यांच्या मध्ये बरोबर तीन जागा आहेत: दोन काश्मिरी स्वरचिन्हं आणि नुक्ता. मराठी नावांत काश्मिरी चिन्हं येत नाहीत, नुक्ता आपण आधीच काढला आहे. ळ पहिल्या जागी, क्ष दुसऱ्या, ज्ञ तिसऱ्या. तिन्ही ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी. एवढं केलं की बाकी सगळं भाषेतल्या साध्या स्ट्रिंग-तुलनेवर सोडता येतं, तक्ता नको, कोलेटर नको. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले ही एकाच गावाची दोन रूपं मात्र यातून एक होत नाहीत. ते काम नोंद भरताना गावांच्या ठरलेल्या यादीतून निवड करायला लावूनच होतं.

पावती क्रमांक काही जुन्या नोंदींत देवनागरी अंकांत, स्ट्रिंग म्हणून होते. तिथे ‘१०’ हा ‘९’ च्या आधी लागतो, आणि इंग्रजी अंकांतल्या पावत्या सगळ्या देवनागरी पावत्यांच्या आधी. गोचं स्ट्रिंगवरून आकडा करणारं एटूआय देवनागरी अंक ओळखत नाही, एरर देतं. देवनागरी शून्य ०९६६ वर आहे, प्रत्येक अंकातून ते वजा करून आकडा बनवला आणि पूर्णांक म्हणून साठवला.

क्रमरूप बनवायला वेळ लागतो, म्हणून ते किती वेळा बनतं याचा हिशेब करावा लागला. १०,००० नोंदी लावायला ढोबळमानाने १,३३,००० तुलना होतात. प्रत्येक तुलनेत दोन्ही नावांचं क्रमरूप बनवलं तर २,६६,००० वेळा तेच काम. पायथनमधलं सॉर्ट २००४ च्या २.४ आवृत्तीपासून निकषाचं फंक्शन घेतं आणि प्रत्येक नोंदीसाठी एकदाच चालवतं. गोचं सॉर्टफंक तसं करत नाही. म्हणून ‘आधीकाढूनलाव’ हे एक वेगळं फंक्शन दिलं: सगळ्या नोंदींची क्रमरूपं आधी एकदा काढायची, नोंद आणि क्रमरूप अशा जोड्या करून लावायच्या, मग नोंदी परत उचलायच्या. १०,००० वेळा काम, बदल्यात तेवढ्या वेळेपुरती जास्त मेमरी. निकष नुसता आकडा असेल तर हे वापरू नका, जोड्या बनवण्यातच वेळ जातो.

वेग मोजताना एक काळजी घ्या. बेंचमार्कच्या चक्रात तीच यादी पुन्हा पुन्हा लावली तर दुसऱ्या फेरीपासून आपण आधीच लागलेली यादी लावत असतो. पीडीक्यूसॉर्ट लागलेली यादी ओळखतो आणि चटकन बाहेर पडतो, आकडे खोटे सुंदर येतात. प्रत्येक फेरीला विस्कळीत यादीची नवी प्रत भरायची, आणि मोजणी किमान दहा वेळा करून मगच दोन पद्धतींची तुलना करायची.

तुलनेच्या चाचण्या सॉर्ट न करताच लिहिता येतात, आणि त्या जास्त उपयोगी पडल्या. तीस नोंदी घेतल्या: रिकाम्या, नॅनच्या, सारख्या, ळ च्या, सगळ्या. प्रत्येकीची स्वतःशी तुलना शून्य यावी. अ-ब आणि ब-अ यांची चिन्हं विरुद्ध असावीत. अ ब च्या आधी आणि ब क च्या आधी असेल तर अ क च्या आधी असावा. तीस नोंदींच्या २७,००० त्रिकुटांवर ही तिसरी अट तपासायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. ‘रिकामंशेवटी’ च्या पहिल्या मसुद्यात दोन्ही नोंदी रिकाम्या असताना शून्याऐवजी एक परत जात होता, तो याच चाचणीत पकडला गेला.

शोधासाठी जुनं सॉर्ट.सर्च फक्त जागा सांगतं, वस्तू सापडली का ते सांगत नाही, आणि शेवटच्या पुढची जागा आली तर बोलावणाऱ्यानेच तपासायचं असतं. नवं बायनरीसर्चफंक जागा आणि ‘सापडलं’ दोन्ही देतं. तेच वापरतो, आणि ज्या तुलनेने यादी लावली तीच तुलना त्यालाही देतो. म्हणूनच प्रत्येक क्रमाला एकाच ठिकाणी नाव दिलं आहे, हिशेबाचा क्रम, गाडीचा क्रम, खिडकीचा क्रम. कुणी तो तिथल्या तिथे पुन्हा लिहायचा नाही.

जागच्या जागी लावणाऱ्याचं नाव ‘लाव’, प्रत देणाऱ्याचं ‘लावलेली’. दुसरं आधी क्लोन करतं. गोमध्ये एका स्लाइसचा, म्हणजे यादीचा, भाग काढला तरी खालची यादी तीच असते, त्यामुळे पडद्यावरच्या भागाला ‘लाव’ दिलं तर मूळ दिवसवहीचा क्रमही हलतो. शंका असेल तिथे ‘लावलेली’.

जुनी फंक्शनं लगेच काढली नाहीत. त्यांच्या टिपणात ‘डेप्रिकेटेड’ ही खूण आणि पर्यायाचं नाव लिहिलं, म्हणजे एडिटर त्यावर रेघ मारून दाखवतो. एकेक जागा बदलताना जुन्या आणि नव्या क्रमाने तीच यादी लावून फरक छापला. फरक फक्त ळ, क्ष, अर्धा र आणि अर्धवट नोंदी यांच्याच ओळींत यायला हवा, तिसरीकडे आला तर थांबायचं.

शेवटची अडचण कोडमधली नव्हती. स्लाइसेस पॅकेजसाठी १.२१ लागतं, आणि १.२१ पासून गोचे प्रोग्रॅम विंडोज १० च्या खाली चालत नाहीत. विंडोज ७ आणि ८ ला साथ देणारी शेवटची आवृत्ती १.२०. वजनकाट्याशेजारचा जुना संगणक विंडोज ७ वर असेल तर नवा प्रोग्रॅम तिथे चालणारच नाही. अशा ठिकाणी १.२० वरच राहून स्लाइसेसचं मूळ प्रयोगात्मक पॅकेज घेता येतं, पण त्याच्या जुन्या रूपात सॉर्टफंकची तुलना होय-नाही देणारी होती, त्यामुळे कोणती आवृत्ती उचलतो ते बघून घ्यावं लागतं. आम्ही संगणकच बदलला, आणि नवा प्रोग्रॅम हंगामाच्या दोन महिने आधी जुन्या नोंदींवर चालवून पाहिला.